चित्र तिचं की फुलांचं?

"पण हे चित्र हिचं आहे की फुलांचं?" माझ्या मोबाइलवर एक नजर टाकून भाचीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघूनही गेली.

मी मात्र तिथेच अडकले.

चित्र ओदिलों रेदों या फ्रेंच चित्रकाराचं. व्हायोलेत हेमान नावाच्या तरुणीचं १९१० मधलं पेस्टल, म्हणजे कोरड्या रंगकांड्यांनी काढलेलं चित्र, आता अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे. ती एका कडेला शांत बसलेली, चेहरा बाजूनं दिसतो. बाकी सगळीकडे फुलं. ना फुलदाणी, ना बाग, नुसती हवेत तरंगणारी!

गंमत म्हणजे हाच माणूस पन्नाशीपर्यंत मुख्यतः काळ्यातच रमला होता. कोळसा, लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेली चित्रं), धडाविना तरंगणारी डोकी, हसणारा कोळी (जाळं विणणारा). मग हातात पेस्टल आलं आणि रंगांनी बांधच फोडला. हे चित्र काढलं तेव्हा तो सत्तरीचा होता.

पेस्टल म्हणजे जवळजवळ निव्वळ रंगाची पूड, चिकटायला नावापुरता डिंक. तेलरंगासारखी ती वाळून घट्ट होत नाही, कागदावर नुसती टेकलेली असते. फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड धरून ठेवणारा फवारा, मारलं तर रंग काळपटण्याची भीती. म्हणून काच लावायची, उजेड कमी ठेवायचा. एवढ्या नाजूक गोष्टीत कुणाचा तरी चेहरा जपायला द्यायचा, आणि चित्रकारानं जास्तीत जास्त कागद फुलांना द्यायचा! मला हा आगाऊपणा फार आवडला.

तुमचं असं पोर्ट्रेट कुणी काढलं तर दिवाणखान्यात लावाल? माझ्या आईनं तर पैसे परत मागितले असते.