परसातली भट्टी, फर्नेसच्या विटा

परसात भट्टी बांधतोय म्हटल्यावर शेजारच्या काकांनी मागंपुढं बघितलं, आवाज खाली केला आणि विचारलं, “गुळाचं कुठून जमवणार?” त्यांच्या डोक्यात हातभट्टी. पाव, नान, रोडगे भाजायची भट्टी, विटांची, लाकडावर चालणारी, असं सांगितलं तर त्यांचा चेहराच पडला.

माझी सगळी नोकरी जालन्याच्या एमआयडीसीत गेली, रोलिंग मिलमध्ये, रिहीटिंग फर्नेसवर. बिलेट, म्हणजे पोलादाची लांब कांडी, ११००-१२०० अंशांपर्यंत लाल करायची आणि रोलमध्ये ढकलायची, हेच काम. त्यामुळे पिझ्झ्याच्या भट्टीला ४०० अंश लागतात हे ऐकून लोक डोळे विस्फारतात तेव्हा मला गंमत वाटते. आमच्याकडं ४०० अंशाला फर्नेस ‘थंड’ म्हणायचे आणि हेल्परला झाडायला बोलवायचे.

पिझ्झा ही पोराची मागणी, तो पुण्याला असतो. माझं डोकं नानमुळे फिरलं. संभाजीनगरला नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खायला गेलो की मी खलिया सोडून भट्टीकडंच बघत बसतो. १३२७ साली तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, त्या फौजफाट्याबरोबर हे जेवण इकडं आलं असं सांगतात. खरंखोटं इतिहासवाल्यांनी बघावं. पण एका भट्टीवर भराभर शेकडो माणसांची भाकर निघते, ती जाळापेक्षा तापलेल्या भिंतीच्या जोरावर, हे मात्र समोर उभं राहून दिसतं. तंदूरला तोंड वर, त्यामुळे आग सतत राखावी लागते. घुमटाच्या भट्टीला तोंड पुढं. आत दोन-अडीच तास जाळ करायचा, निखारे बाजूला सारायचे आणि मग विटांनी प्यालेली धग दुसऱ्या दिवसापर्यंत वापरायची. मला ही दुसरी पाहिजे होती.

जागेवरून घरात आधी वाद. माय म्हणाली, अग्नी आग्नेयेलाच. मी म्हणालो, तोंड पश्चिमेला नको, पावसाचा सपका तिकडूनच येतो, आणि कडब्याच्या गंजीपासून लांब पाहिजे. दोन्ही अटी एकाच कोपऱ्यात बसल्या, म्हणून वास्तुशास्त्राचा विजय झाला असं ती अजून सगळ्यांना सांगते.

त्या कोपऱ्यात खाली काळी माती. मराठवाड्यात बांधकाम करणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, आणि वर जे काही असेल त्याला दोन्ही वेळा हलवते. विटांचा जड घुमट त्या मातीवर ठेवला तर तिसऱ्या वर्षी तोंड वाकडं. म्हणून काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, वर मुरूम भरून पाणी मारून धुम्मस केला, दगडाचं सोलिंग, त्यावर सळई टाकून काँक्रीट. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, एवढ्यात एक खोली उठली असती.” उठली असती.

मिस्त्रींविषयी सांगितलं पाहिजे. त्यांनी जिल्ह्यातल्या बऱ्याच बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधल्यात, त्यांच्या वडिलांनीही बांधल्या. बेकरीची भट्टी म्हणजे ठेंगणी, लांबलचक कमान. पाववाला लांब दांड्याचं फावडं घेऊन आतल्या टोकापर्यंत ट्रे सरकवतो. मला हवा होता तीन फुटी गोल घुमट. ते त्यांनी केलेलं नव्हतं, पण कागदावर काढलेलं बघितल्यावर म्हणाले, “मशिदीवर केलाय. हा लहान आहे एवढंच.”

आमचे खटके दोन ठिकाणी उडाले.

पहिला फरशीखाली. त्यांच्या पद्धतीत भट्टीच्या तळाखाली रेती, जाडं मीठ आणि फोडलेल्या बाटल्यांच्या काचांचा थर. वेडेपणा नाही हा. काचांच्या तुकड्यांमध्ये हवा अडकते, आणि अडकलेली हवा धग खाली जाऊ देत नाही. पण माझ्यासमोर फर्नेसचा अनुभव होता. तापलेल्या फरशीखाली सरळ काँक्रीट आलं तर ते काँक्रीट धग ओढत राहतं. फर्नेसचं निम्मं डिझेल असंच जमिनीत जाताना मी बघितलंय. म्हणून स्लॅबवर आधी इन्सुलेशन विटांचा थर दिला. ही वीट हातात घेतली की पटतं: आकार तोच, वजन निम्म्याहून कमी, नखानं ओरखडा उठतो, सगळीकडं बारीक छिद्रं. तिच्यावर बारीक वाळू आणि फायर क्लेचा (आग सोसणाऱ्या मातीचा) पातळ कोरडा थर, आणि त्यावर फरशीच्या फायर ब्रिक, म्हणजे आग सोसणाऱ्या विटा, चुना-सिमेंट काही न लावता नुसत्या एकमेकींना खेटून मांडल्या. एखादी फुटली तर उचलून बदलता येते.

दुसरा खटका धुराड्यावरून. मिस्त्रींना धुराडं घुमटाच्या डोक्यावर हवं होतं. बघणाऱ्या प्रत्येकालाच तिथं हवं असतं. पण डोक्यावर भोक ठेवलं की वर साठलेली गरम हवा सरळ आकाशात. या भट्टीला एकच तोंड. त्याच्या खालच्या अर्ध्यातून थंड हवा आत जाते, ज्योत मागच्या भिंतीवरून चढून घुमटाखालून पुढं वळते आणि धूर त्याच तोंडाच्या वरच्या अर्ध्यातून बाहेर येतो. धुराडं तोंडाच्या बाहेर, कमानीवर. आणि तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के. आमचा घुमट आतून १८ इंच उंच, म्हणून तोंड सव्वाअकरा. त्याहून उंच केलं तर धग बाहेर पळते, फार ठेंगणं केलं तर आग गुदमरते आणि धूर डोळ्यात. मिस्त्री तोंड वाकडं करून म्हणाले, “सव्वा कशाला, बाराच करू.” सव्वाअकराच केलं.

विटांचं सांगतो, कारण जालन्यात ही सोय आहे आणि लोकांना माहीत नाही. मिलमध्ये फर्नेसचं लायनिंग, म्हणजे आतलं विटांचं अस्तर, निघतं तेव्हा त्यातल्या बऱ्याच विटा धड असतात आणि भंगारवाल्याकडं येतात. मापाची वीट नऊ बाय साडेचार बाय तीन इंच, वजन साधारण चार किलो. दोन विटा एकमेकींवर वाजवून घ्या. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा. रंग पिवळसर, बदामी असावा. एका बाजूला काचेसारखा चकाकता थर चढलेला असेल ती घेऊ नका, आणि काळपट, हाताला वाजवीपेक्षा जड लागणारी तर अजिबात नको. त्यात क्रोम असू शकतं, ते विषारी रूपात बदलू शकतं आणि ज्यावर भाकर ठेवायची तिथं त्याचं काही काम नाही. मला फरशीच्या विटांबाबत धोका पत्करायचा नव्हता, त्या नव्या घेतल्या. दुकानदार आयएस ८ ही जास्त धग सोसणारी प्रत गळ्यात मारत होता. घरच्या भट्टीला आयएस ६ भरपूर होते. घुमटाला मात्र निवडून घेतलेल्या जुन्या. सगळं मिळून सव्वाशेच्या आसपास विटा लागल्या.

सांध्याला साधं सिमेंट वापरायचं नाही. चारशे-पाचशे अंशांच्या दरम्यान त्यातला बांधलेला चुना फुटतो, नंतर हवेतली ओल पिऊन भुगा होतो. फायर क्ले आणि एअर सेटिंग मॉर्टर (हवेतच घट्ट होणारा मसाला) कालवलं, आणि सांधा जितका पातळ तितका चांगला. बाहेरच्या बाजूला फट मोठी होते, तिथं विटेच्या चिपा ठोकल्या.

घुमट उभा राहताना बघण्यासारखं होतं. फरशीच्या मध्यावर खिळा, त्याला फिरती काठी, बरोबर १८ इंचांची. प्रत्येक अर्धी वीट त्या काठीच्या टोकाला टेकली की जागेवर आली. खालचे थर सरळ बसतात. वर वर वीट आत झुकायला लागते आणि मसाला धरेपर्यंत घसरते. मिस्त्रींनी तारेचा आकडा करून त्याच्या एका टोकाला दगड बांधला, दुसरं टोक विटेवर अडकवलं. दगड बाहेरून लोंबतोय, वीट जागेवर. एक गोल पुरा झाला की तो स्वतःलाच धरतो, आकडे काढून घ्यायचे. शेवटच्या दोन थरांना आतून ओल्या वाळूचा ढीग लावला. वरची शेवटची वीट मिस्त्रींनी सहा वेळा तासली असेल. बसवून लाकडी हातोडीनं ठोकली, मग पायताण काढलं आणि घुमटावर उभे राहिले. मी ओरडलो. ते म्हणाले, “बेकरीवाल्याला असंच दाखवावं लागतं, नाहीतर पैसे देत नाही.”

वरून सिरॅमिक ब्लँकेटचे एक-एक इंचाचे दोन थर (हातमोजे आणि मास्क घालून, त्याचे तंतू फुप्फुसात गेलेले चांगले नाहीत), कोंबडजाळी, आणि त्यावर गिलावा.

यानंतर घरच्यांची घाई. पोरगा फोनवर विचारतोय, पिझ्झा कधी. मी हललो नाही. लायनिंग नवं केल्यावर फर्नेस आम्ही कधी एकदम पेटवली नाही, कारण विटांत आणि सांध्यांत लपलेलं पाणी वाफ होऊन साधारण सोळाशे पट फुगतं आणि वाट मिळाली नाही तर भिंत फोडून बाहेर येतं. आठवडाभर रोज बारीक जाळ: आधी तुराट्यांचा, मग पऱ्हाट्यांचा, मग लाकडाचा, दर दिवशी थोडा वाढवत. मिलमधलं जुनं थर्मोकपल (तापमान मोजायचं साधन) फरशीत पुरलं होतं, त्याच्यावर नजर. गिलाव्यातून वाफ निघाली, दोन बारीक भेगा आल्या. तापलेली वीट वाढते, भेग येणारच. तिच्यात बोटाचं नख जात नसेल तर सोडून द्यावी.

लाकडाला आम्ही मोसंबी वापरतो. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, पाण्याच्या टँकरवर झाडं जगवता जगवता लोकांनी हात टेकले. तेव्हापासून बाग मोडणं काही थांबलेलं नाही. मेहुण्याच्या बांधावर असा ढीग पडून होता. मोसंबीचं लाकूड कठीण, धूर कमी, निखारा टिकतो. ज्या झाडाला घागरीनं पाणी घातलं तेच चुलीत घालायचं, म्हणून मेहुणा स्वतः ते जाळायला तयार नव्हता. मला दिलं. बाभूळही चालते. कडुलिंबाचा धूर कडू. मिलमधले पॅकिंगचे लाकडी पॅलेट, प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी कितीही फुकट मिळाल्या तरी नको.

पूर्ण पेटवली की आधी आतला घुमट काजळीनं काळाकुट्ट होतो. मग साडेतीनशे अंशांच्या पुढं काजळी जळायला लागते आणि वरपासून खाली विटा परत बदामी होत येतात. घड्याळ-मीटर काही नको, घुमट स्वच्छ झाला की भट्टी तयार. त्यानंतर फरशीवर ओलं फडकं फिरवायचं. पिझ्झा दीड-दोन मिनिटांत. पोरानं फोटो काढले आणि खाल्ला.

पण पिझ्झा ही फक्त सुरुवात. जाळ काढून दार लावलं की तास-दीड तासात अडीचशेवर येते, तेव्हा पाव. मग वांगी आणि कांदे. मग शेंगा. रात्री मडक्यात हरभरे, आलं-लसूण, तिखट, पाणी, आणि दार बंद. सकाळी हरभरा बोटानं दबतो, फुटत नाही. बायकोला आधी हे सगळं नवऱ्याचं निवृत्तीचं खूळ वाटत होतं. आता गॅसवर हरभरा शिजवायचं तिनं बंद केलंय आणि भट्टी कधी पेटवायची हे ती ठरवते.

मायला रोडगे करून घातले. गव्हाचं जाड पीठ, तिनंच मळलं. वरून छान तांबूस, आत शिजलेले, कुठं करपट नाही. तिनं मोडून तूप घातलं, वरणात चुरला, खाल्ला आणि म्हणाली, “चांगलाय. पण याला गोवऱ्याचा वास कुठंय? पाव खाल्ल्यावानी लागतंय.” बरोबर आहे तिचं. रोडगा गोवऱ्यांच्या निखाऱ्यातच. तिची आगटी परसात दुसऱ्या कोपऱ्यात शाबूत ठेवलीय.

मृगाच्या आत वर पत्रे टाकायचेत. भिजलेला घुमट परत पहिल्यापासून वाळवावा लागतो. मिस्त्री आठ फुटांवर पत्रा म्हणतायत, मी धुराड्यासाठी नऊ म्हणतोय. या रविवारी ते बघायला येणार आहेत, आणि येताना एका बेकरीवाल्यालाही घेऊन येतो म्हणालेत. त्याला ती इन्सुलेशन वीट नखानं ओरखडून बघायचीय.