नावं कोणी सांगितली?

परवापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. विचारणारा कोण, तर एरवी सबंध तास खिडकीबाहेर बघणारा नववीतला पोरगा.

27 जानेवारीचा तास. आदल्या दिवशीच्या झेंडावंदनाचा शीण, त्यात संध्याकाळी पोपटी लावायचा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत. भांबुर्डीचा पाला कोण आणणार यावर मागच्या बाकांवर कुजबुज. मी फळ्यावर लिहिलं: नाझींनी मारलेले 60 लाख ज्यू, त्यात सुमारे 15 लाख मुलं. 1945 साली याच तारखेला सोव्हिएत सैन्य आउशवित्झच्या छळछावणीत पोचलं तेव्हा तिथे जेमतेम सात हजार जीव उरले होते, तेही सांगितलं. वर्ग ढिम्म. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रात्र रात्र जागून तयारी करायची ती कोणासाठी? घरीसुद्धा कोणी... जाऊ दे.

मग जेरुसलेमच्या याद वाशेमबद्दल बोलले. मारल्या गेलेल्यांची नावं तिथे गोळा करतात, 45 लाखांच्या वर झालीत. नातेवाईक, शेजारी, ओळखीचे एकेका माणसाचं पान भरून देतात. तेव्हा हा उठला. "बाई, पण अख्खं घर, अख्खी आळीच गेली असेल तर नाव सांगितलं कोणी?"

खरं ते सांगितलं. पुष्कळ नावं मारणाऱ्यांच्याच दप्तरात सापडली. फ्रान्समधल्या द्रांसीहून माणसं भरून आउशवित्झकडे गाड्या सुटायच्या, त्यांच्या याद्या टाइप केलेल्या असत. नाव, आडनाव, जन्मतारीख. उलट कीव्हजवळ बाबी यारच्या घळीत 1941 च्या सप्टेंबरात दोन दिवसांत 33,771 जणांना गोळ्या घातल्या. आकडा चोख कळवला, नावांची तसदी घेतली नाही.

"मग त्यांचं काय?" घंटा झाली. तो पोपटीला पळाला, मी बसले.

काल हजेरीचा कॅटलॉग उघडला तर तेच रकाने. नाव, आडनाव, जन्मतारीख. हजेरी घेताना जीभ जडावली. ज्यांनी मारलं त्यांच्याच टापटिपीवर मेलेल्यांची आठवण उभी असावी? आणि जिथे टापटीप नव्हती, तिथे तीही नाही? इथे नवगावला गलबत फुटून बुडालेल्या बेने इस्रायलींची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, टेकाडं आहेत. नावं कोणालाच ठाऊक नाहीत, तरी माणसं जाऊन येतात. पण तो समुद्र होता. इथे माणसांनी माणसं मोजून नेली. फिरून फिरून मी त्या यादीपाशीच येते.

शाळेला उपक्रमाचा अहवाल हवाय, दोन फोटोंसकट. फोटोत पोरं गंभीर दिसावीत म्हणे. दिसतील, उपाशी होती.

आज मधल्या सुट्टीत तो पुन्हा आला. ती नावं आपल्याला बघता येतात का? येतात म्हटलं, शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या मोबाइलवर दाखवते. तर म्हणे, दोघातिघांना आणलं तर चालेल ना? आणा बाबांनो. नेटपॅक तेवढा मारून ठेवायला हवा.