पोर्शन संपवा आधी!

बीएस्सीच्या वर्गात संशोधन कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हेच पालक काळजीने विचारतात, स्टाफरूममध्ये जरा तिरकसपणे विचारलं जातं: "बीएस्सीच्या पोरांना संशोधन कशाला? आधी पोर्शन संपवा. संशोधन काय, पीएचडीला करतीलच की."

संशोधन म्हटलं की लोकांना लाखोंची यंत्रं दिसतात. मी सोलापुरात रसायनशास्त्र शिकवतो आणि आमचं संशोधन पाण्याच्या बाटलीतून येतं. पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, काढणं हे जुनंच प्रॅक्टिकल. ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या नळीत, ईडीटीए हे कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन, फ्लास्कमध्ये पाणी आणि बफर, वर रंग बदलून दाखवणारा एरिओक्रोम ब्लॅक टी. लालसर रंग निळा झाला की थांबायचं. पण लॅबमध्ये द्रावण ठरलेलं असलं, की उत्तर मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये तयारच असतं. पोरं आधी उत्तर बघतात आणि सीबीआर, म्हणजे पुन्हापुन्हा तेच येणारं ब्युरेटचं रीडिंग, त्याला जुळवून घेतात. व्हायवाला सगळं तोंडपाठ, हाताला काही नाही.

म्हणून मी पाणी घरून आणायला सांगतो. अक्कलकोट रोडकडून येणारी एक विद्यार्थिनी बोअरचं पाणी घेऊन आली. ब्युरेट रिकामी होत आली तरी रंग लालच. "ओ सर, ईडीटीए खराब आहे." खराब नव्हतं, पाणीच तेवढं जड होतं. मग पाणी किती पातळ करायचं, उत्तराला कितीने गुणायचं, हा हिशोब तिने स्वतः बसवला. हेच मी फळ्यावर कितीदा तरी शिकवलेलं होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत. हे आकडेही तिने त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाचले.

खरी मजा पुढे आली. तिचे वडील डाईंगमध्ये कामाला. टॉवेलच्या सुताला बोअरच्या पाण्यात रंग एकसारखा बसत नाही, म्हणून एक पावडर टाकतात, असं ते तेलुगूत सांगत होते आणि ती वहीत मराठीत उतरवत होती. डाईंगमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवायला जी रसायनं वापरतात, त्यांत ईडीटीएही असतं. वडिलांच्या कारखान्यात नेमकं कोणतं पडतं, ते शोधायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. त्याचं उत्तर कुठल्याच जर्नलमध्ये नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. चांगला संशोधक आपोआप चांगला शिक्षक होतो, यावर माझा विश्वास नाही. जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श या शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९९६ मध्ये ५८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा प्राध्यापकाचं संशोधन आणि शिकवण्याचा दर्जा यांच्यातला सहसंबंध निघाला ०.०६. म्हणजे जवळजवळ नाहीच. सरांचे पेपर छापून येतात म्हणून वर्गातल्या पोराच्या पदरात काही पडत नाही. मुद्दाम पूल बांधावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

आपल्याकडे हा पूल नसण्याला इतिहासही आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेण्यासाठी, शिकवणं कॉलेजांकडे. विद्यापीठांनी स्वतः शिकवावं, संशोधन करावं, ही तरतूद कायद्यात आली १९०४ मध्ये. बर्लिनचं विद्यापीठ उभारणाऱ्या विल्हेल्म फॉन हम्बोल्ट यांनी १८१० मध्येच शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही ज्ञानासाठीच तिथे असतात, ही कल्पना रुजवली होती. आमचं सोलापूर विद्यापीठ २००४ चं, एका जिल्ह्यापुरतं. याला लोक उणीव म्हणतात. मला ती सोय वाटते: डाईंग, डाळिंब, उजनीचं पाणी, नान्नजचा माळढोक पक्षी, सगळे प्रश्न एसटीच्या अंतरावर.

राहिला पोर्शन. दोन-तीन प्रॅक्टिकल मी उरकतोच, खोटं कशाला बोलू. मोठी बॅच असली की गटाला एकच बाटली मिळते. आणि मार्क? ते उत्तराला देत नाही, कच्च्या वहीला देतो. वही पेनने लिहायची, व्हाइटनर चालणार नाही. चुकलेल्या रीडिंगवर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि ते का टाकून दिलं हे शेजारी एका ओळीत लिहायचं. त्या ओळीला निम्मे मार्क आहेत.