गुंठाभर रानफुलं, मधमाश्यांसाठी

'वाइल्डफ्लॉवर मिक्स'ची पाकिटं घेऊ नका. त्यांत बऱ्याचदा कॉसमॉस असतो, आणि पुण्याच्या टेकड्यांवर त्या केशरी कॉसमॉसने आधीच उच्छाद मांडलाय. बी आसपासच्याच माळावरून गोळा करायचं: तेरडा, कुर्डू, रानतीळ, टाकळा. कासच्या पठारावरून तर काहीच उचलू नये, शहरातल्या मातीत ते रुजतही नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी धरतं. तेरड्याची बोंडं मात्र त्याआधीच पिकतात आणि बोट लागताच फुटून बी उडवतात, म्हणून टपोरं बोंड दिसलं की फांदीसकट कागदी पिशवीत घालून मगच हलवायचं. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी येते.

जागा सोसायटीची असो वा टेकडीची, परवानगी आधी घ्या. टेकडी बहुधा वनखात्याची असते. मग गाजरगवत. ते फुलायच्या आत, पाऊस पडून माती मऊ असताना, मुळासकट उपटायचं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क हवेच. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमही लागतो. तणनाशक नको. शेणखतही नको, हे ऐकून माळीबुवा नाराज होतात. पण खताने आधी गवत आणि गाजरगवतच माजतं, रानफुलं खाली दबतात.

पेरणी मेमध्ये उरकू नका. मुंग्या बी उचलून नेतात, उरलेलं वळवाच्या सरीत वाहून जातं. चांगला पाऊस होऊन माती चार बोटं भिजली की दाताळ्याने वरचा थर नुसता ओरबाडायचा. कुर्डूचं बी बारीक, म्हणून पाचपट वाळूत कालवून फेकायचं. सोबत थोडे कारळे घाला. शेतात हेक्टरी साधारण 5 किलो पेरतात, म्हणजे गुंठ्याला 50 ग्रॅम. इथे 20 पुरे, नाहीतर कारळेच सगळी जागा खातात. वरून माती ओढू नका, पायाने दाबा. उताराला आडवी दगडांची रांग लावली की बी जागेवर राहतं.

सगळ्यात जास्त घात होतो ऑगस्टमध्ये. गवत कापायला माणूस येतो आणि कळ्यांसकट सगळं भुईसपाट करतो. दोरी बांधा, पाटी लावा, आणि त्या माणसाशी प्रत्यक्ष बोला.

एका कोपऱ्यात दोन-तीन फूट माती उघडी, कडक ठेवा. एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या जमिनीतच बीळ करतात. त्यांतली निळ्या पट्ट्यांची माशी टाकळ्याच्या फुलाला मिठी मारून अंग थरथरवते. कान जवळ नेला तर बारीक 'झूं' ऐकू येतं आणि पराग झडतात. सातेरी आणि फुलोरी या पोळं करणाऱ्या मधमाश्यांना हे जमत नाही. त्यांच्यासाठी कडेला तुळस लावा. उन्हाळ्यात माळ कोरडा पडतो, तेव्हा धायटी आणि करंज कामाला येतात.

कापणी जानेवारीत, बी गळून गेल्यावर. विळ्याने, वीतभर खुंट ठेवून. पोकळ काड्यांत काही माश्या घरं करतात.