दहा प्रश्नांचा कागद आणि परदेशातली बाळंतीण

इंग्लंडमध्ये सगळं सुरळीत झालं तर बाळंतीण एक-दोन दिवसांत घरी येते. १० ते १४ दिवसांच्या आत हेल्थ व्हिजिटर (आई-बाळाची विचारपूस करणारी परिचारिका) घरी येते, ६ ते ८ आठवड्यांनी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, तपासणी असते. याच सुमारास कधीतरी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी दहा प्रश्नांचा एक कागद तिच्या हातात पडतो.

ही प्रश्नावली १९८७ मध्ये एडिनबरा इथे तयार झाली. गेल्या सात दिवसांत हसू येतं का, विनाकारण धास्ती वाटते का, रडू येतं का, असे प्रश्न. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. १३ किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची दाट शंका घेऊन पुढची तपासणी करतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे ‘क्वचित’ असं उत्तर आलं तरी त्याच भेटीत नीट चौकशी व्हायला हवी.

आपल्या मुलींचं घोडं अडतं ते इथेच. नवरा शेजारी बसून भाषांतर करतो, सासूबाई चहा घेऊन येतात, आणि मुलगी सगळीकडे ‘ठीक’वर खूण करते. गुण येतात चार, आणि विषय संपतो. म्हणून भेट ठरवतानाच दुभाषी मागावा. तो मोफत मिळतो. ‘मराठी’ असं स्पष्ट सांगावं, नाहीतर हिंदी बोलणारा येतो. नवऱ्याने तेवढा वेळ बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत बसावं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. ते नैराश्य नव्हे. पण बाळ झोपलं तरी हिला झोप येत नाही, अळिवाची खीर समोर तशीच गार होते, डोकं-पाठ सतत दुखते, दूध पुरत नाही ही एकच धास्ती मनात घोळत राहते, आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे चालतं, तेव्हा ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून सोडू नये. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगावं, कारण त्यांतही अशीच लक्षणं दिसतात. भास, भलते संशय, झोपेविना अचाट उत्साह दिसला तर त्याच दिवशी ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

बोलून करायच्या उपचारांसाठी इंग्लंडमध्ये स्वतःच नाव नोंदवता येतं, जीपीची चिठ्ठी लागत नाही. सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध अंगावर पाजणाऱ्या आईला बऱ्याचदा देतात. दुधात ते फार थोडं उतरतं, गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नये. मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट असलं की बाळाच्या पहिल्या वर्षात औषधं फुकट. ‘बाळ काढून नेतील’ ही भीती घरोघर असते. पण आजार फार वाढला तर आई-बाळाला एकत्र ठेवणारे खास वॉर्ड मुद्दाम बांधलेत.

आई जवळ असली की हे होत नाही, हा समज मात्र टिकत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या अभ्यासात ६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास २३ टक्के बाळंतिणींना नैराश्य आढळलं. नवऱ्याशी बिघडलेलं नातं, पैशाची ओढाताण, मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची कारणं, आणि ती विमानात बसून इथेही येतात.

आजी व्हिजिटर व्हिसावर आली तर एका वेळी फार तर सहा महिने राहते. ती परतल्यानंतरचे पंधरा दिवस सांभाळा. भारतात सकाळचे सहा म्हणजे लंडनमध्ये रात्रीचा साडेबारा किंवा दीड. आईचा पहिला चहा आणि लेकीचं रात्रीचं पाजणं एकाच वेळी येतं. फोन तेव्हा करा. ‘बाळ दाखव’ म्हणण्याआधी ‘काल किती झोपलीस, काय जेवलीस’ विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा.