मामांच्या घरातली वाट

मामी गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत मामांच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या इतक्या भरत गेल्या, की दारापासून मोरीपर्यंत अंग चोरूनच जावे लागे. त्याच वाटेत रद्दीच्या गठ्ठ्यावरून पाय घसरून ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले.

ते रुग्णालयात असताना मी आणि माझ्या भावाने भंगारवाल्याला बोलावून पुढची खोली दोन दिवसांत रिकामी केली. घरी आल्यावर मामांनी उंबऱ्यातूनच विचारले, "माझ्या पिशव्या कुठं गेल्या?" धुऊन, वाळवून, पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांत सुतळीने बांधलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या होत्या त्या. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत आणि चार महिन्यांत खोली पुन्हा भरली. ही चूक सर्वस्वी आमची होती.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यावर कळले, की वस्तू अशा साठवत राहणे हा आळस नव्हे. पूर्वी मंत्रचळाचाच एक प्रकार समजला जाणारा हा त्रास अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात २०१३ पासून स्वतंत्र आजार म्हणून नोंदला जातो. वस्तू कवडीमोलाची असली तरी ती टाकताना त्या माणसाचा जीव खरोखरच कासावीस होतो. त्यांनी दिलेली औषधे आणि समुपदेशन चालू ठेवून, मामांना विचारल्याशिवाय कागदाचा कपटाही बाहेर न्यायचा नाही, असे आम्ही ठरवले.

दुसऱ्या वेळी सुरुवात रद्दीपासून न करता धोक्यापासून केली. गठ्ठ्यांमागे दडलेल्या स्विचबोर्डाच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या आधी बदलून घेतल्या, मग गॅसची शेगडी आणि मोरीची वाट मोकळी केली. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडल्या तर त्यांची धूळ श्वासातून आत जाते, म्हणून मास्क आणि हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून, त्या चांगल्या भिजल्यावर फडक्याने टिपून घेतल्या. फरशीसाठी आणलेले ॲसिड मात्र मी परत पाठवले, कारण ब्लीचशी त्याचा संबंध आला की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

त्यानंतर रोज एक तास. मामा खुर्चीत बसत, मी एकेक वस्तू त्यांच्या हातात देई. वर्तमानपत्रे लवकर गेली, दिवाळी अंक जाईनात, कारण एका अंकात मामींच्या हातची वाणसामानाची यादी निघाली होती आणि मग प्रत्येक अंक पान-पान उलटून पाहणे भागच होते. त्यात सात आठवडे गेले. मला ते वाया गेलेले वाटत नाहीत.

पिशव्यांचे दोन गठ्ठे मामांनी ठेवून घेतले आणि बाकीचे स्वतः मोजून कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हातात दिले. माळा अजून तसाच आहे. तिथल्या मामींच्या ट्रंकेला हात लावायचा नाही, असे त्यांनी सांगितले आहे, आणि मी तो लावलेला नाही.