आमची वाटचाल: खुर्ची आमची, कात्री ज्याची त्याची

नाशिकच्या इंदिरानगरात आमचं चार खुर्च्यांचं सलून आहे, २०१८ पासून. त्याआधी मी एका मोठ्या सलून-चेनमध्ये फ्लोअरवर, म्हणजे खुर्चीमागे केस कापायला होतो. धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण हे दुकान त्याच रागातून उभं राहिलंय.

सकाळी दहाला हजर, ते रात्री शटर पडेपर्यंत उभं. क्लायंट नसला तरी बसायची सोय नाही. डबा कलर कालवायच्या खोलीत, अमोनियाच्या वासात. धंद्याचं टार्गेट पगाराच्या पाचपट, त्याच्या वर गेलं तर इन्सेंटिव्ह. त्यातही मेख अशी, की मेंबरशिपवाल्यांचं डिस्काउंट आमच्या आकड्यातून वजा व्हायचं. पॅकेज विकणाऱ्याच्या नावावर धंदा लागायचा, त्यावर राबणाऱ्याच्या नावावर शून्य. शिवाय शाम्पूच्या बाटल्या विकायच्या. बाई बॅकवॉशला, केस धुवायच्या बेसिनवर, मान टाकून डोळे मिटून पडलेली असताना तिला ‘मॅडम, तुमचे केस फार डॅमेज आहेत’ म्हणायचं! ट्रेनिंगच्या नावाखाली बाँड लिहून घेतलेला, म्हणजे मध्येच सोडलं तर पैसे भरा, मूळ दाखले ऑफिसच्या कपाटात.

२०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा तेव्हा नवा होता. तेव्हा त्यात होतं: दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट पैसे. मी मॅनेजरला छापील कागद दाखवला. ‘सर्व्हिस लाइन आहे भाऊ, असं चालायचंच,’ म्हणाला. पुढच्या महिन्यापासून माझे वॉक-इन, म्हणजे वेळ न घेता येणारे क्लायंट, दुसऱ्या खुर्चीकडे वळायला लागले.

शेजारच्या खुर्चीवर इंफाळची ताई होती. कलरमध्ये तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. रोजच्या उभं राहण्याने तिच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या आणि शाम्पूने नि डेव्हलपरने (कलरमध्ये कालवायचं पेरॉक्साइड) बोटांची सालं निघायची. मी बाहेर पडतो म्हटल्यावर तिने गावी पाठवायचे पैसे थांबवून माझ्याबरोबर भागी केली. पहिली खरेदी तिच्या हट्टाने झाली: चाकांची चार स्टुलं, कामगारांसाठी. आरसे नंतर आले.

कात्रीचं मात्र माझ्यावर सोडलं. साध्या कटला साडेपाच इंची, कंगव्यावरून कापायला (ओव्हर-कोंब) सहा, ४४० सी पोलाद, आणि अंगठ्याची कडी पुढे असलेली, म्हणजे दिवसभर मनगट मुरडत नाही. नव्या पोरांना सांगतो, कात्री आपल्या पैशाने घ्या, तिने कागद कापू नका, आणि सायकलवर येणाऱ्या धारवाल्याला तर अजिबात देऊ नका. तो सुरीसारखी सपाट धार काढतो, मग ती कात्री केस कापत नाही, दुमडते.

लॉकडाउनमध्ये सगळ्यांचंच झालं ते आमचं झालं. २८ जून २०२० ला परवानगी मिळाली तीही कटिंग, कलर, वॅक्सिंग, थ्रेडिंगपुरती; दाढी, फेशियल बंद. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप. भाडं थकलं होतं. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आमच्याकडे रूट टचअपला, मुळाशी उगवलेले पांढरे केस रंगवायला, येत. त्यांनी वर्षभराचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, ‘पावती नको, तारीख लिहून ठेव.’

त्यातून मान वर काढतोय तोच रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या एका चेनचा बोर्ड लागला. उद्घाटनाला निम्म्या दरात कट. दराचं दुःख नाही. आमची तीन माणसं एका आठवड्यात गेली, त्याचं आहे. त्यातला एक पोरगा आमच्याकडे लागला तो कलरच्या वेळी केसांना गुंडाळायच्या फॉइल हातात देणारा म्हणून. केसांचा सेक्शन कसा घ्यायचा, मानेकडच्या केसांचं वजन कुठे सोडायचं, डेव्हलपर वीसच्या ताकदीचा कधी नि तीसच्या कधी, सगळं ताईने हाताला हात लावून शिकवलं होतं. आम्ही बाँड घेत नव्हतो. तो मेसेज टाकून गेला, आणि पाठोपाठ त्याचे रिक्वेस्ट क्लायंट, म्हणजे त्याच्याच हातून करून घेणारे, तेही गेले. या धंद्यात गिऱ्हाईक दुकानाचं नसतं, हाताचं असतं, हे तोंडपाठ होतं तरी दोन खुर्च्या झाकून ठेवताना फार लागलं.

काकू मात्र मुद्दाम पलीकडे जाऊन बघून आल्या. ‘तुझा तो पोरगा वाळलाय रे. दुपारी चारला मी विचारलं जेवलास का, तर मॅनेजरकडे बघायला लागला.’ त्यांनी अख्ख्या सोसायटीला हे सांगितलं. सोसायटीतल्या बायका आमच्याकडे परत आल्या त्या काकूंच्या तोंडामुळे, आमच्या जाहिरातीमुळे नाही.

वर्षभराने पोराचा फोन आला. परत यायचंय, पण बाँड आहे आणि दाखले तिकडे. म्हणून सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी: मूळ दाखला कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. सहीआधी बाँडची रक्कम आणि मुदत वाचा. इन्सेंटिव्ह डिस्काउंटच्या आधीच्या आकड्यावर की नंतरच्या, हे लेखी घ्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा गिऱ्हाइकांनी लगेच दर कमी करायला लावले. कलरच्या ट्यूबवर नि भाड्यावर आम्ही भरलेला कर आता आमच्या जीएसटीतून वजा होत नाही, हे कोण ऐकून घेणार.

पोरगा बाँड फेडून आला. ताईने त्याला पहिला महिनाभर पुन्हा फॉइल धरायला लावलं. मी मध्ये पडलो नाही. श्रावण वद्य द्वादशीला नाभिकांचे संत सेना महाराज यांच्या पुण्यतिथीची सुट्टी असते आमच्याकडे, पगारी. पलीकडे त्या दिवशी चालू असतं.